दोराचं बाहेरचं टोक

धुकं सकाळपासून उठायचं नाव घेत नव्हतं. वहिनीचं शिवणयंत्र ज्या खिडकीशी आहे ती अग्निशमन केंद्राच्या आवारात उघडते. एरवी तिच्यातून लाल बंब, पाण्याचे होज-पाइप वाळत घालायचा मनोरा आणि पलीकडची भिंत असं सगळं स्वच्छ दिसतं. आज मनोऱ्याचा नुसता पाया होता, वर काही नाही. त्या काही-नाहीतून ओल्या होजचे लांब पांढरे पट्टे खाली लोंबत होते. वहिनी पायडल मारत होती, बघत होती, आणि मधूनच तिचा डोळा लागत होता. यंत्राचा सूर लागला की तिचं असंच व्हायचं. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूबाई म्हणायच्या, ही पोरगी झोपेत शिवते आणि जागेपणी चुकते.

शिवायला होता मामा. मामा म्हणजे वाळू आणि चिंध्या भरलेला बाहुला. उंची-वजन मोठ्या माणसाचं आणि अंगावर आबांचा जुना गणवेश. सराव असला की त्याला धुराच्या खोलीत निजवायचं आणि मग वाचवायचं, हाच त्याचा जन्मभराचा उद्योग. इतक्यांदा वाचवला गेल्यामुळे बिचाऱ्याच्या खांद्याची शिवण सारखी उसवायची. वहिनी त्याला मांडीवर घेऊन टाके घालत होती आणि त्याच्या कोऱ्या तोंडाकडे बघून तिला उगाच वाईट वाटत होतं. आज दुपारी मामाला कुणी वाचवायचं नाही, असं आत स्वयंपाकघरात ठरणार होतं, ते तिला अजून माहीत नव्हतं.

आत सगळं घर जमलं होतं. टेबलाच्या टोकाला आबा, म्हणजे सासरे. सगळं आयुष्य बंबावर काढलेले, घंटेने एक कान गेलेले. त्यांच्या शेजारी दादा, वहिनीचा नवरा, या वरच्या केंद्राचा प्रमुख. समोर बारकी, सगळ्यांत धाकटी नणंद. ती नुसती नावाला बारकी. खांदे असे की मामाला एकटी उचलते. तीही दादाच्याच बंबावर. आणि दाराजवळ, अजून कोट न काढलेला, धाकटा दीर. तो नगरपालिकेच्या हिशेब खात्यात. बंबावरचं चौथं माणूस कमी करायचा प्रस्ताव त्याच्याच टेबलावर तयार झाला, हे कळल्यापासून त्याने घरात पाऊल टाकलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं म्हणा.

"कात्री माझ्या हातात दिली आबा, पण कापायचं काय ते वरच्यांनी ठरवलं," धाकटा म्हणत होता.

"कात्री धरणाऱ्याला दिसत नाही होय, खाली बहिणीचं बोट आहे ते?"

"शाळेचं छप्पर, पाण्याची टाकी, दवाखान्यातला रात्रीचा डॉक्टर आणि बंबावरचं चौथं माणूस. तुम्ही निवडा. निवडा ना! मी आत्ता जाऊन तसं सांगतो."

आबांनी निवडलं नाही. त्यांनी चहाचा कप फिरवला आणि बहिऱ्या कानाची बाजू धाकट्याकडे केली. हा त्यांचा ठेवणीतला उपाय होता.

चौथं माणूस म्हणजे बारकी. शेवटी भरती झालेलं आधी जाणार, असा कारभार. यात कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते बारकी समोरची उकडलेली अंडी एकामागून एक सोलून खात होती याचं.

"तू काही बोलणार आहेस का?" दादाने विचारलं.

"तोंडात अंडं आहे," बारकी म्हणाली.

वहिनी मामाला खुर्चीत बसवून दारात येऊन उभी राहिली. तिला यातलं एकच कळत होतं आणि ते पुरेसं होतं. धुरात दोघांनी जायचं, दोघांनी बाहेर राहायचं. बाहेरच्यांतला एक पंपावर, दुसरा दारात, दोर धरून. दोराचं एक टोक आतल्याच्या पट्ट्याला आणि एक दारातल्या माणसाच्या मुठीत. आत डोळ्यांचा काही उपयोग नसतो. दोराने वाट सापडते आणि दोरानेच बोलतात. मागच्या थंडीत गोदामाला आग लागली आणि आतली माडी बसली, तेव्हा दारात दोर धरून बारकी होती. तिने दादाला आणि त्याच्या जोडीदाराला कसं बाहेर काढलं, ते वहिनीने कितीदा तरी ऐकलं होतं. त्या दिवसापासून घंटा झाली आणि दादा धावत सुटला की ती स्वतःला सांगायची, दोराला बारकी आहे. मग तिला पुढचा टाका घालता यायचा. आता बारकी गेली तर दोराला कुणीच नव्हतं.

"ऐका," धाकट्याने शेवटी कोट काढला आणि खुर्ची ओढली. "नगरपालिकेच्या समितीच्या अध्यक्षांचं म्हणणं, तिघांत भागतं. मी म्हटलं, या आणि डोळ्यांनी बघा. दुपारी येतायत. तुम्ही काही खोटं करायचं नाही. मुद्दाम अडखळायचं नाही, हळू धावायचं नाही. फक्त नियम पाळायचा. तिघं असलात तर नियम काय म्हणतो?"

"आत जायचं नाही. दुसरा बंब येईपर्यंत बाहेर थांबायचं," दादा म्हणाला.

"बास! तेवढंच करा. खालच्या केंद्राचा बंब पुलावरून येणार. या धुक्यात त्याला किती वेळ लागेल, विचार करा. अध्यक्ष खुर्चीत बसलेत, आतून धूर येतोय, आत मामा, आणि तुम्ही तिघं नुसते उभे. काही करत नाही. वेळ जातोय. एकदा बघितलं ना, माणूस जन्मात विसरणार नाही."

वहिनीला वाटलं, अरेच्चा, हा आपल्याच बाजूचा आहे की. इतके दिवस मनातल्या मनात त्याला काय काय बोललो आपण.

"उभं राहायचं?" आबांना नेमकं हेच ऐकू आलं होतं. "बंबाजवळ? धूर निघत असताना? लोकांच्या देखत?"

"हो, आबा."

"मी मेल्यावर करा."

"आबा, तुम्ही आज घरात बसा, खिडकीला पडदा लावा," बारकी म्हणाली. "नाहीतर असं करा, तुम्हीच अध्यक्षांच्या मांडीवर बसा."

आबा सुद्धा हसले. कितीतरी दिवसांनी त्या टेबलावर सगळे एकदम हसले, आणि धाकट्यापुढे कुणीतरी चहाचा कप सरकवला. दादाने ठरवून टाकलं. तिघं म्हणजे तो, बारकी आणि ड्रायव्हर पैलवान. बारकीला घ्यायचंच, कारण तिचीच जागा जाणार होती. तिच्याइतकं स्वस्थ उभं राहायला दुसऱ्या कुणाला जमणार होतं?

दादा बूट चढवायला पायरीवर बसला तेव्हा वहिनी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अहो, थांबाल ना?"

"आता ठरलंय म्हटल्यावर थांबणारच. सराव तर आहे."

"मी सरावाचं विचारत नाही."

दादाने एक बूट घातला. दुसरा घातला. नाडी सोडून परत बांधली.

"बारकी राहिली तर हा प्रश्नच येणार नाही," तो म्हणाला आणि धुक्यात गेला. चार पावलांवर तो पुसट झाला, आणखी दोन पावलांवर तोही काही-नाहीत गेला. वहिनी तिथेच उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने हे कितीदा विचारलं असेल, आणि प्रत्येक वेळी त्याने असंच काहीतरी बांधलं, सोडलं किंवा पुसलं होतं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तिला तेव्हा वाटलं, असती तर किती बरं झालं असतं.

दुपारपर्यंत तिने मामाचा खांदा दुहेरी टाक्याने पक्का केला. टाके घालता घालता मधेच तिचा डोळा लागला आणि तिला घरभर दोराच दोरा दिसला. हे स्वप्न होतं की आठवण, कुणास ठाऊक. गोदामाच्या आगीनंतर एका संध्याकाळी बारकीने तिला दोराची बोली शिकवायला घेतली होती, जाड दोऱ्याचं रीळ घेऊन. बारकी पलीकडच्या खोलीत, वहिनी इकडे, मधे बंद दार. एक हिसका, मी ठीक आहे. दोन, ढील दे. आणि सारखी ओढ लागली तर काही विचारायचं नाही, जीव खाऊन ओढायचं. "तुला भीती वाटते ना, म्हणून शिक," बारकी म्हणाली होती. "आम्ही आत नुसते हरवलेले नसतो गं. आम्ही बोलत असतो." दोघी पोरींसारख्या हसल्या होत्या. दाराखालून सरकणारा तो दोरा, पलीकडून येणारा एक हिसका. मी ठीक आहे. मी ठीक आहे. वहिनी जागी झाली तेव्हा मामाच्या खांद्यावर तिचं डोकं होतं आणि बाहेर खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता.

अध्यक्षांचं बुटांचं दुकान होतं. माणूस अगदी सभ्य. आल्याआल्या त्यांनी आबांना वाकून नमस्कार केला, वहिनीच्या कामात अडथळा आणल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि सगळ्यांच्या बुटांवरून एक नजर फिरवली. सोबत समितीची आणखी दोन माणसं. धाकटा त्यांच्या मागे घड्याळ घेऊन. आबा पडदा वगैरे काही न लावता पहिल्या खुर्चीत, जुना बिल्ला लावून. वहिनी छातीवर टाचण्या टोचलेल्या एप्रनमध्येच कुंपणाशी उभी राहिली.

मनोऱ्याच्या पायथ्याशी धुराच्या एकावर एक दोन खोल्या आहेत, मधे एक अरुंद जिना. पैलवानाने मामाला खांद्यावर टाकून वरच्या खोलीत नेऊन निजवलं आणि खाली ओला पेंढा पेटवून दिला. पांढरा धूर दारातून निघाला आणि धुक्यात मिसळला, त्यामुळे धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना. मग घंटा झाली. बंब फाटकाच्या बाहेरून वळून आत आला, ब्रेक लागले, तिघं उतरली. होज दारापर्यंत पोचला, पैलवान पंपावर गेला, बारकीने दोराचं वेटोळं खांद्यावरून उतरवलं आणि आत जायच्या तयारीने टोक आपल्या पट्ट्याला अडकवलं. आणि तिघं थांबली.

काय सांगावं त्या थांबण्याचं! वहिनीने या आवारात हजार सराव पाहिले होते, पण तिथे असं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. पंप नुसता घुरघुरत होता. होजच्या तोंडातून थेंब पडत होते. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं.

"हे काय करतायत?"

"नियमाप्रमाणे थांबलेत, साहेब. तिघंच आहेत ना. दुसरा बंब येईपर्यंत आत जाता येत नाही."

"आणि आत माणूस असेल तर?"

"तरी थांबायचं."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्चीत बसल्या जागी पाय मागे घेतले. जमतंय, वहिनीला वाटलं, जमतंय, देवा, असंच थोडं अजून. धुकं, धूर, तीन पाठमोरी माणसं. सगळं इतकं संथ झालं होतं की तिला पुन्हा झोप येईल की काय असं वाटायला लागलं. दूर कुठेतरी पुलावर दुसऱ्या बंबाची घंटा वाजली आणि विरून गेली.

मग धुराचा रंग बदलला. पेंढ्याखाली जुन्या चटयांचा ढीग होता, तो कुणाच्या लक्षातच नव्हता. त्याने पेट घेतला. पांढऱ्यातून एक काळी सुरकुती वर चढली आणि जिन्याच्या खिडकीतून भसकन बाहेर पडली. आबा खुर्चीतून अर्धे उठले. वहिनी आबांकडे बघत नव्हती. ती दादाचे खांदे बघत होती, आणि ते खांदे तिच्या इतके ओळखीचे होते की पुढचं तिला आधीच कळलं. नको, ती मनात म्हणाली. अहो, नको. आत वाळू आहे. सकाळीच मी शिवलीय.

दादाने मास्क चढवला आणि आत गेला.

"दादा!" बारकी ओरडली. एकट्याला आत सोडायचं नाही, हेही तिला शिकवलेलं. तिने मास्क ओढला आणि त्याच्या मागे गेली. तिच्या पट्ट्याचा दोर जमिनीवरून सरसरत तिच्यामागे निघाला. वेटोळं एकेक वळण उलगडत होतं. शेवटचं टोक मोकळं होतं, त्याला कुणाचाच हात नव्हता. ते आपल्या नादात दाराकडे सरकत होतं.

वहिनी कुंपणातून कधी आत गेली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. टोक उंबरठ्याशी पोचलं होतं तेव्हा तिने ते पकडलं. दोर तळहातातून सर्रकन धावला, कातडी सोलवटली, मग थांबला. ती दारात पाय रोवून उभी राहिली. समोर नुसता काळा धूर होता. आणि त्या काळ्यातून, अगदी स्पष्ट, एक हिसका आला. तिने एक हिसका परत दिला. दोन आले. तिने ढील सोडली. नंतर बराच वेळ काहीच आलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराने म्हणा किंवा कशाने. मग सारखी ओढ लागली. वहिनी काही न विचारता मागे रेलली आणि जीव खाऊन ओढत राहिली. हाताखाली हात, हाताखाली हात. असं करता करता धुरातून आधी बारकीची पाठ आली, मग मामाचे पाय, मग मामाचं डोकं छातीशी धरलेला दादा.

टाळ्या! आबा दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "असं! असं करायचं असतं!" अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवत होते. समितीची दोन माणसं टाळ्या वाजवत होती. फक्त धाकटा घड्याळ हातात धरून तसाच होता. बारकीने मास्क काढला, खोकली, आणि वहिनीच्या कानाशी येऊन म्हणाली, "दार सापडत नव्हतं गं. तू होतीस म्हणून." तेवढ्यात फाटकातून खालच्या केंद्राचा बंब घंटा घणघणत आत शिरला, चौघं उड्या टाकून उतरले, आणि होज घेऊन "कुठे आहे? कुठे आहे?" करत धुक्यात धावले. पैलवानाने त्यांना खुर्चीत बसवलेला मामा दाखवला.

"बघा!" अध्यक्षांचा चेहरा उजळला होता. माणसाला केवढं हायसं वाटलं होतं ते दिसत होतं. "हे येईपर्यंत काम संपलंसुद्धा! आणि तिघांत! मी काय म्हणत होतो? कागदावरचे नियम वेगळे आणि शूर माणसं वेगळी."

"साहेब, तिघं नव्हती," धाकटा पुढे झाला. त्याचा आवाज चिरकला होता. "चार होती. दोर कुणी धरला होता? तिने धरला नसता तर दोघं बाहेर आली नसती. चौथं माणूस होतं, साहेब!"

"कोण?"

धाकट्याने बोट दाखवलं. सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. एप्रन, टाचण्या, काळं झालेलं तोंड.

"त्या?" अध्यक्ष मनापासून हसले. "अहो, त्या तर घरच्या आहेत."

वहिनीच्या घशात धूर होता, तरी ती बोलली. तिला आयुष्यात एवढ्या माणसांसमोर बोलायची वेळ आली नव्हती. "साहेब, एक विचारते. पहिल्या तारखेपासून ही पोरगी नाही. मग दोर कोण धरणार?"

अध्यक्षांनी तिच्या हाताकडे पाहिलं. दोर अजून तिच्या मुठीतच होता.

"तुम्ही आहातच की," ते प्रेमाने म्हणाले.

घरात परत आल्यावर कुणी दिवा लावला नाही. चार वाजले असतील, पण खिडकीत धुकं असं टेकलं होतं की वेळ कळत नव्हती. सगळे आपापल्या सकाळच्या जागी बसले. मामाला कुणीतरी आणून यंत्राजवळ टेकवून ठेवलं होतं. खांद्याची शिवण टिकली होती.

"मी एवढंच सांगितलं होतं," धाकटा टेबलाकडे बघत म्हणाला. "उभं राहा. बास, उभं राहा."

"तेवढंच येत नाही आम्हाला," बारकी म्हणाली.

"धूर काळा झाला होता," दादा म्हणाला.

"आत वाळू होती, दादा! वाळू आणि चिंध्या!"

"माहीत आहे रे."

"पण काय झालं बाकी!" आबांना राहवेना. "जिन्यावरून मामाला पायाकडून उतरवलंस ना? डोकं वर धरून? मी बघत होतो, पाय आधी आले. अगदी बरोबर."

"वळणावर अडकलो होतो," दादाने हळूच सांगितलं, आणि त्याचा चेहरा जरा सैल झाला. "बारकीने खालून गुडघा दिला."

"गुडघा नाही, खांदा. तुझा गुडघा माझ्या नाकावर होता."

"होजची धार आधी जिन्यावर मारली असती तर..." धाकट्याच्याही तोंडून निघालं. तोही याच घरातला, किती केलं तरी. दोन-चार वाक्यं सगळे त्या धुरात परत जाऊन आले, एकमेकांचं बोलणं तोडत, हातवारे करत. मग आबांची नजर बारकीवर गेली आणि त्यांचे हात टेबलावर खाली आले.

बारकी उठली, मलमाची डबी घेऊन आली आणि वहिनीचा हात आपल्या मांडीवर घेतला. तळहातावर लाल आडवा पट्टा उठला होता. ती मलम लावत होती, अगदी हलक्या हाताने.

"ढील फार देतेस तू, वहिनी. म्हणून सोलवटलं. दोर असा मुठीत नाही धरायचा, कमरेमागून घ्यायचा. आणि टोकाला आधी गाठ. तुला दोन दिवसांत येईल. अजून महिनाअखेरपर्यंत मी आहे, रोज संध्याकाळी..."

वहिनीने हात काढून घेतला.

"मी नाही शिकणार."

"वहिनी..."

"नाही म्हणजे नाही! तू मला शिकवलंस आणि मला आलं, की मग तू गेलीसच. मग ते म्हणायला मोकळे, बघा, भागतंय. मी चौथी नाही. चौथी तू आहेस. मी कपडे शिवते." तिचा आवाज फुटला, आणि तिने तो आवरलाही नाही. "आज माझ्या हाताने तुझी जागा घालवली मी. बघत उभी राहिले असते तर तू राहिली असतीस. मला कळत नाही का? मी आता तो दोर हातात धरणार नाही."

"बघत उभी राहिली असतीस तर मी राहिले नसते गं," बारकी म्हणाली. "दार सापडत नव्हतं मला."

धाकट्याने तोंड ओंजळीत घेतलं होतं. मग दादा बोलला. तो खिडकीकडे बघत होता.

"बरोबर आहे तिचं. तिने कशाला शिकायचं? तिचं काम आहे का ते? पहिल्या तारखेपासून तिघं असलो की मी आत जाणार नाही. बाहेर थांबेन. दुसरा बंब येईपर्यंत." मग तो वळला आणि सरळ वहिनीकडे बघून म्हणाला, "शब्द देतो तुला."

इतक्या वर्षांत जे ऐकायला तिचे कान आसुसले होते ते हेच. हे ऐकलं की जीव भांड्यात पडेल, पुढचा प्रत्येक टाका निवांत घालता येईल, असं तिला वाटत आलं होतं. आणि हा माणूस दिलेला शब्द मोडणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तो दारात उभा राहील. आतून कुणीतरी हाक मारत असेल. तो हात पाठीमागे बांधून पुलाकडे बघत उभा राहील आणि रात्री घरी येऊन तिच्या शेजारी झोपेल. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दुपारी धुरातून आला तेव्हा काळा, घामेजलेला, हसरा होता. आता तोंड स्वच्छ धुतलेलं होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. मामाच्या तोंडावर असतं तेवढंच.

आबा उठले. बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेले.

बाहेर धुकं होतं तसंच होतं. वहिनीने सोलवटलेला हात परत बारकीच्या मांडीवर ठेवला.

"शिकव," ती म्हणाली.